दुसरी चूल

पूर ओसरून पाच दिवस झाले तरी चंद्रभागाबाईच्या घरात एकही भांडण झालं नव्हतं. वस्तीला याचं नवल वाटत होतं, कारण एरवी त्या घरात कालवणात मीठ जास्त पडलं तरी चावडीपर्यंत कळायचं. पण भांडायला तोंड मोकळं लागतं, आणि सध्या सगळ्यांनी नाकातोंडाला पदर नाहीतर पंचा बांधला होता. कणगीतली बाजरी कुजली होती.

गोदावरी दोन दिवस त्यांच्या घरात मुक्कामाला होती. दारणा जिथं येऊन मिळते त्याच्या खालच्या अंगाला ही वस्ती. गावाला पाणी लागायच्या आधी वस्तीला लागतं, याचं तिथं कुणाला काही विशेष वाटत नाही. शाळेच्या टेकाडावर पळताना चंद्रभागाबाईनं बाबासाहेबांचा फोटो घेतला, धाकट्या सुनेनं तान्ही पोर घेतली, थोरलीनं चार पोरं आणि दोन गोधड्या घेतल्या. थोरला मुलगा कोंडाजी यानं कुदळ घेतली. पुरात कुदळ कशाला, हे त्याला अजूनही सांगता आलेलं नाही. रेशनकार्ड मात्र देवळीतच राहिलं, आणि गेलं.

थोरली सून सिंधुबाई कणगीत वाकून टोपल्यानं बाजरी उपसत होती. वरची वीतभर कोरडी निघाली तेव्हा तिला हुरूप आला. खाली हात घातला तर दाणे गरम लागले. मोड फुटलेले, एकमेकांत अडकलेले, आंबूस गोळे हाताला आले.

"आत्याबाई, धुऊन वाळवली तर?" तिनं विचारलं.

"कोंबडीला टाकून बघ आधी."

"कोंबडी कुठंय?"

"मंग राहू दे," चंद्रभागाबाई म्हणाली.

कोरडी बाजरी निघाली दोन पायल्या. घरात खाणारी तोंडं नऊ, त्यातली सहा सिंधुबाईची. शेतातली बाजरी दाणा भरलेली होती, ती गाळाखाली आडवी झाली. बरं, दरसाली आपलं गेलं तर गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांकडं कांद्याच्या लावणीला जाता यायचं. औंदा त्यांचीही रोपं वाहून गेली होती, त्यामुळं लावणी नाही आणि मजुरीही नाही. मोठ्यांचं नुकसान झालं की त्यातला वाटा न मागता आपल्याकडं येतो, हे सिंधुबाईला चांगलं ठाऊक होतं. दोन पायल्या बाजरी आणि चार पोरं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिला भीती वाटत होती. बहात्तरच्या दुष्काळात तिची थोरली पोरगी भुकेनं रडायचीसुद्धा थांबली होती, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

तेवढ्यात कोंडाजी शाळेकडून आला.

"उद्या तलाठी भाऊसाहेब येऊ राह्यले पंचनाम्याला," तो म्हणाला. "धान्य भेटनार म्हणे. चुलीगणिक, मान्सं मोजून."

"मंग तोंड का पाडलंय?"

"ज्या चुलीवर नोकरदार जेवतो त्या चुलीला नाय."

सगळ्यांनी एकाच वेळी खुंटीकडं बघितलं. तिथं धाकट्या पुंजारामचा खाकी शर्ट वाळत होता. पुंजाराम नाशकात एस.टी. डेपोत हेल्पर होता. त्याच्या पगारावर नऊ तोंडं कशीबशी अर्धा महिना चालायची, उरलेला अर्धा शेत आणि मजुरी चालवायची. आता शेत आणि मजुरी दोन्ही गेली होती, आणि त्या खाकी शर्टापायी धान्यही जाणार होतं.

सिंधुबाई कणगीतून बाहेर आली, हात झटकले आणि म्हणाली, "मंग दुसरी चूल घालू."

"काय?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"पडवीत. लताची. भाऊजी तिच्या चुलीवर, आपन आपल्या. लिहू दे भाऊसाहेबाला."

"माझ्या घरात चूल मोडायची नाय. तुझा सासरा गेला तवा मोडली नाय. बहात्तरला खडी फोडली, सुकडी खाल्ली, तवा मोडली नाय."

"मोडायची कुठं म्हन्ते मी? जास्तीची घालायची. खोटी खोटी! उद्या भाऊसाहेब गेला का परवा लाथ घालून पाडू."

"चूल काय खोटी असते का?"

"मंग पोरांना काय घालू, आत्याबाई? ह्ये?" सिंधुबाईनं कुजक्या बाजरीचा गोळा सासूच्या पुढ्यात धरला.

चंद्रभागाबाई त्या गोळ्याकडं बघत राहिली. कोंडाजी म्हणाला, "तुमी दोघी ठरवा," आणि कुदळ घेऊन बाहेर गेला. कुठल्याही घरगुती प्रश्नावर त्याचं एवढंच मत असायचं. धाकट्या सुनेला, लताबाईला, काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती टोपली उचलून नदीवर माती आणायला केव्हाच गेली होती.

पुरानं काठावर पोयट्याचा थर आणून टाकला होता. मऊ, बारीक, खडा नसलेला. अशी माती एरवी दोन कोस गेलं तरी मिळत नाही. लताबाईनं तिच्यात शेण आणि भुसा कालवला आणि पडवीच्या कोपऱ्यात बसून चूल थापायला घेतली. लग्न होऊन तिला चार वर्षं झाली होती. थोरल्या जावेचा तिला राग नव्हता. सिंधुबाई तोंडाची फटकळ, पण बाळंतपणात तिनंच लताबाईचं सगळं केलं होतं. लताबाईला फक्त एकदा आपल्या मापाची भाकरी थापायची होती. कालवणात मीठ किती, हे चार वर्षांत तिनं एकदाही ठरवलं नव्हतं. नवरा आठवड्यातून एकदा घरी यायचा तेव्हा सगळ्यांची पंगत उठेपर्यंत भाकरी गार व्हायची, आणि त्याच्यापुढं गार भाकरी ठेवताना तिला दर वेळी वाईट वाटायचं. घरात अन्न नाही, शेतात चिखल आणि आपल्याला मात्र आनंद होतोय, याची तिला लाज वाटत होती. पण होत होता.

चूल झाली. मग तिनं शेजारी वैल जोडला. चुलीवर भाकरी चालू असताना बाजूला कालवण शिजत ठेवायला असतो तो.

सिंधुबाई बघायला आली. "खोट्या चुलीला वैल कशाला गं?"

लताबाईचा हात थांबला. "भाऊसाहेबाला खरी वाटाया पायजे ना, ताई."

"हुशार हायेस की! मला वाटलं होतं नुसती गप बसती," सिंधुबाई म्हणाली आणि मनापासून हसली. पूर आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

चूल वाळायला चार दिवस लागतात. इथं एक दिवस होता. लताबाईनं आत शेणकुटं पेटवून ठेवली, भेगा पडल्या तिथं पुन्हा लिंपलं. दुपारपर्यंत चूल कोरडी झाली खरी, पण कोरी करकरीत दिसायला लागली. कोणीही सांगितलं असतं की ही आज सकाळची आहे. तिला काजळी धरायला हवी होती, म्हणजे तिच्यावर रांधायला हवं होतं.

पुंजाराम त्याच वेळी आला. फाट्यापासून पोटऱ्यांएवढ्या चिखलातून चालत, डोक्यावर पिठाची पिशवी घेऊन. डेपोतल्या माणसांनी वर्गणी काढून त्याला गव्हाचं पीठ घेऊन दिलं होतं. त्यानं नेहमीसारखी पिशवी थोरल्या भावजयीपुढं धरली. सिंधुबाईनं हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"थांबा भाऊजी. आजच्या दिस लताकडं द्या."

"का?"

"तिची चूल काळी करायचीय."

पुंजारामला काही कळलं नाही. ते सगळं समजावून सांगायला सिंधुबाईला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर तिनं स्वतः पिशवी उचलली, पडवीत नेली आणि लताबाईच्या पुढ्यात ठेवली. वर म्हणाली, "धूर जास्त कर."

पुंजाराम जेवायला बसला. भाकरीपीठ नव्हतं म्हणून लताबाईनं गव्हाच्याच जाड पोळ्या थापल्या. पहिली तव्यावरून थेट त्याच्या ताटात आली. त्याचं बोट पोळलं. त्यानं तुकडा मोडला, वाफ निघाली, तोंडात टाकला, आणि काही वेळ त्यानं वर बघितलंच नाही. चार वर्षं त्याला वाटत होतं की आपल्या बायकोच्या हाताला चव नाही. चव होती. ती त्याच्यापर्यंत येईस्तोवर गार व्हायची.

त्यानं मान वर केली तेव्हा उंबऱ्यात दादाची चारही पोरं उभी होती. त्यानं पोळीचे चार तुकडे केले आणि त्यांना दिले. लताबाईनं दुसरी पोळी टाकली. ती पण त्यानं वाटली. तिसरी टाकताना लताबाईनं पिठाच्या पिशवीत डोकावून बघितलं. तिनं तसं बघितलेलं पुंजारामनं बघितलं. नवराबायकोत एक हिशेब पहिल्यांदाच समजुतीनं झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी भाऊसाहेब आले. तरुण माणूस, राहायला नाशकात गंगापूर रोडला. बुटाला चिखल लागू नये म्हणून विटेवरून विटेवर पाय टाकत येत होते. बरोबर गावचा कोतवाल बारकू होता. त्याला या घरातलं भांडं न् भांडं माहीत होतं. पडवीतली चूल दिसताच तो उगाच आभाळाकडं बघायला लागला.

चंद्रभागाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी काही पढवलं नव्हतं. सिंधुबाईनं नुसते हात जोडले होते, तेवढं पुरे होतं.

भाऊसाहेबांनी कणगीत वाकून बघितलं आणि पटकन मागं झाले. पडलेली भिंत बघितली. मग आतली चूल बघितली, मग पडवीतली. खाली बसून राखेत बोट घातलं. राख गरम होती.

"चुली दोन?"

"व्हय साहेब, दोन," कोंडाजी म्हणाला.

"रेशनकार्ड?"

"पुरात गेलं." हे एकच उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकदम आणि ठणठणीत आवाजात दिलं.

"वेगळे कधी झालात?"

"दोन वर्सं झाली," कोंडाजी म्हणाला.

"चार," सिंधुबाई म्हणाली. दोघंही एकाच वेळी बोलले होते.

बारकूनं आभाळात आणखी वर बघितलं. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. सिंधुबाईनं खांब धरला.

"आजी," भाऊसाहेब चंद्रभागाबाईकडं वळले, "तुम्ही वडीलधाऱ्या. खरं सांगा. कधी झाले वेगळे?"

"काल," चंद्रभागाबाई म्हणाली.

"आई!" कोंडाजी ओरडला.

"गप ऱ्हा तू. काल सकाळी झाले, भाऊसाहेब. तुमच्या धान्यासाठीच झाले. मी नको म्हणत व्हते. पण तुमी त्या चुलीकडं बघा. नुसतं तुमाला दाखवायचं असतं तर तीन दगडं मांडली असती. तिला वैल लावलाय. भोवती सारवलंय. कोपऱ्यात मिठाचं गाडगं आणून ठेवलंय, ते बघा. माझा धाकटा काल पहिल्यांदा गरम जेवला आणि सकाळी उठून त्यानं सरपन फोडून त्या चुलीपाशी रचलं. आजवर या घरात त्यानं सरपनाला हात लावला नव्हता. ही पाडायची चूल नाय. यांना अजून ठावं नाय, मला ठावं हाय. लिहा तुमी. येगळे झाले."

बोलताना तिचा आवाज कापला नाही. पण बोलून झाल्यावर तिनं पदर तोंडावर घेतला आणि ती रडायला लागली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पुरात घर बुडालं तेव्हाही ती रडली नव्हती.

लताबाईनं मान खाली घातली. पुंजाराम सरपणाकडं बघायला लागला, जणू ते दुसऱ्याच कुणी फोडलं होतं. सिंधुबाईला मिठाचं गाडगं आत्ता दिसलं.

भाऊसाहेब मात्र खूष झाले होते. टोपण काढता काढता बारकूच्या कानाशी वाकून म्हणाले, "काय म्हातारी आहे रे! इतकं सफाईदार खोटं नोकरीत ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणीसुद्धा काढलं." आणि त्यांनी खूष होऊन कुटुंब विभक्त असल्याचं लिहून टाकलं.

"आजींचं नाव कुठल्या चुलीला?"

"थोरल्याच्या," चंद्रभागाबाई डोळे पुसत म्हणाली. "तिथं माप वाढंल."

आठवड्यानं धान्य आलं. मिलो होता, परदेशातली लाल ज्वारी, दुष्काळात आली होती तसलीच. सिंधुबाई आणि कोंडाजीनं पोतं शाळेतून आणलं. वाटेत सिंधुबाईला भेटेल त्या बाईनं थांबवून विचारलं आणि तिनं थांबून सांगितलं. सात माणसांचं धान्य! घरी आल्या आल्या ती पडवीत गेली.

"पाड गं आता."

"पाडते ताई. जरा पाऊस उघडू द्या, ओल हाय अजून."

पाऊस उघडला. मग लताबाई म्हणाली, पौर्णिमा होऊ द्या. पौर्णिमेला वस्तीत बुद्धवंदना झाली, खीर झाली, ती दोन्ही चुलींवर झाली. मग तान्ह्या पोरीला खोकला झाला, आणि पडवीत शेक मिळतो म्हणून चूल राहिली. सिंधुबाईनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लताबाईनं कारण सांगितलं नाही. "बघू," एवढंच म्हणाली. चार वर्षांत तिनं जावेला 'बघू' म्हणून उत्तर दिलं नव्हतं. ते सिंधुबाईला शिवीपेक्षा लागलं. ती मागच्या अंगणात गेली आणि एकटीच मोठमोठ्यानं बोलली. पण उलट उत्तर द्यायला कुणी आलं नाही, तेव्हा तेही थांबलं.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी पुंजाराम दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आला आणि अंगणाच्या मधोमध थांबला. डावीकडं आतलं दार, उजवीकडं पडवी. त्यानं आईकडं बघितलं. चंद्रभागाबाई सुपात मिलो पाखडत होती, तिनं सूप थांबवलं नाही. तो बराच वेळ तसा उभा राहिला. मग एक लहान पिशवी त्यानं दादाच्या दारात ठेवली, तिच्यात साखर आणि चहापत्ती होती. मोठी घेऊन पडवीत गेला.

सिंधुबाईनं ती लहान पिशवी उचलली. पाहुणा आणतो तेवढंच तिच्यात होतं.

दुसऱ्या सकाळी ती कोणाला न सांगता चावडीवर गेली. भाऊसाहेब तिथं बसले होते.

"साहेब, आमाला परत एकत्र लिहा."

भाऊसाहेबांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "अहो बाई, वेगळं झालं ते लिहायला रकाना आहे. परत एक झालं ते लिहायला रकाना नाही. आणि लिहिलं, तर नोकरदाराच्या चुलीनं धान्य उचललं असं होईल. पोतं परत आणून देता?"

पोतं अर्धं संपलं होतं. पुढच्या महिन्यात गव्हाचं बियाणं येणार होतं, तेही याच यादीवर. सिंधुबाई परत फिरली. चूल घालायचं डोकं आपलंच होतं, पिठाची पिशवीही आपणच उचलून तिच्या पुढ्यात ठेवली, हे तिला रस्ताभर आठवत राहिलं. रागवायला कुणी दुसरं सापडेना, म्हणून तिनं नदीला दोन शिव्या घातल्या.

त्या दिवशी दुपारी पोरं जेवायला बसली होती. ताटात मिलोच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्यातला धाकटा ठेच्याला बोट लावायचा आणि हात झटकत पाणी प्यायचा.

"ताई हायेत का घरात?"

लताबाई दारात उभी होती. हातात वाटी, वर पदर धरलेला. चार वर्षं ती या घरात न विचारता शिरत होती. पाटा घ्यायला, सूप घ्यायला, काहीच नको असलं तरी. आज ती उंबऱ्याच्या बाहेर थांबली होती.

"डाळ केली व्हती. पोरांना घाला," ती म्हणाली. "आत्याबाईंना पण."

सिंधुबाईनं वाटी घेतली. डाळ घट्ट होती, वर लसणाची फोडणी होती. पाच ताटांत पुरवून वाढली, कुणाला जास्त नाही कुणाला कमी नाही. पोरं खाली मान घालून जेवायला लागली. चंद्रभागाबाईनं आपल्या वाट्याची डाळ धाकट्या नातवाच्या ताटात सारली.

वाटी रिकामी झाली. सिंधुबाईनं ती घासली, धुतली, आणि हातात धरून उभी राहिली. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नसते, चिमूटभर तरी काही घालून द्यायचं असतं, हे वस्तीतल्या लहान पोरीलाही ठाऊक होतं. घरातल्या घरात असलं काही नसतं. घरात वाटी रिकामीच फिरते.

लताबाई बाहेर वाट बघत होती. ती आत आली नाही.

सिंधुबाईनं पोत्यात हात घातला, ओंजळभर मिलो वाटीत टाकला आणि वाटी उंबऱ्यावरून पुढं केली.

लताबाईचे डोळे भरून आले. "ताई, असं काय करता? रिकामी द्या ना."

"कशी देऊ?" सिंधुबाई म्हणाली. "तू बाहेर उभी हायेस."

लताबाईनं वाटी घेतली. दाणे सांडू नयेत म्हणून वर हात धरला आणि ती पडवीकडं गेली.